पहिली ऑफ-रोड बाईक: पडली तर एकट्याला उचलता यायला हवी

पॉडकास्टचा हा भाग एका मेसेजमुळे झाला. ज्यांना ऐकायचंय त्यांच्यासाठी ऑडिओ नेहमीच्या जागी आहेच. पण सकाळच्या विरार लोकलमध्ये एका हाताने कडी धरून उभे असाल, इअरफोन गर्दीत ओढला गेला असेल, तर हे वाचा. बोललो तसंच लिहिलंय, फक्त 'अं... म्हणजे...' तेवढं काढलंय.

तर मेसेज असा. नालासोपाऱ्याचा एक श्रोता, वय बावीस, नोकरी लागून चार महिने झालेत. तो म्हणतो, "दादा, पहिली ऑफ-रोड बाईक घेतोय. साडेचारशे सीसीची बघितलीय. पाच वर्षांचं लोन. आधी घरची स्कूटर चालवायचो. डिसिजन बरोबर आहे ना?"

मी त्याला उलटा प्रश्न विचारला, "गाडी चिखलात आडवी झाली, तर एकट्याने उचलशील?"

त्याने हसणारा इमोजी पाठवला.

त्याला दोष नाही. तीन वर्षांपूर्वी मला कोणी हे विचारलं असतं तर मीही हसलोच असतो. म्हणून आधी माझी फजिती सांगतो, मग गाड्यांबद्दल बोलू.

जव्हारच्या वाटेवर काय झालं

जुलैचा रविवार. आम्ही चौघं पहाटे विरारहून निघालो. मनोर, विक्रमगड, जव्हार असा बेत. माझ्याकडे तेव्हा साधी दीडशे सीसीची गाडी होती, पण त्या दिवशी मित्राने त्याची नवीकोरी ॲडव्हेंचर बाईक मला चालवायला दिली. वजन दोनशे किलोच्या जवळपास. माझी उंची पाच फूट पाच, वजन साठ किलो. हायवेला गाडी अशी काय पळत होती, की मनोर येईपर्यंत मी मनातल्या मनात तीच गाडी बुक करून टाकली होती.

विक्रमगडच्या पुढे आम्ही डांबरी सोडली आणि एका पाड्याकडे जाणाऱ्या कच्च्या रस्त्याला लागलो. छोटा उतार, लाल माती, रात्रभर पडलेला पाऊस. वेग किती? फार तर दहा-बारा. मी घाबरून पुढचा ब्रेक दाबला. पुढचं चाक घसरलं. डावा पाय टेकवायला गेलो, तर पायाखाली जमीन नव्हती, ट्रॅक्टरची खोल चाकोरी होती. गाडी डावीकडे कलली आणि एकदा ती ठराविक कोनापलीकडे गेली की साठ किलोचा माणूस तिला धरून ठेवू शकत नाही. माझा घोटा खाली सापडला.

मित्र पुढे निघून गेलेले. मोबाईलला रेंज नाही. मी पडल्या पडल्या गाडी ढकलायचा प्रयत्न केला, ती जागची हलली नाही. बाजूच्या शेतात आवणी चालली होती. दोन काका धावत आले, गाडी उभी केली आणि एक जण म्हणाले, "आधी पाय हालवून बघ." मी बांधावर बसून बूट काढत होतो, बूट म्हणजे ऑफिसला घालायचे स्पोर्ट्स शूज, तेवढ्यात एक माणूस स्प्लेंडरवर, मागे गवताचा भारा बांधून, तोच उतार आरामात उतरून गेला.

घोट्याला हेअरलाइन फ्रॅक्चर निघालं. सहा आठवडे प्लास्टर. प्लास्टर घालून विरार लोकल पकडणं शक्यच नव्हतं, म्हणून मॅनेजरकडे घरून काम मागावं लागलं. आईने तर बाईक हा शब्दच घरात बंद केला. या सगळ्यात मला सगळ्यात जास्त टोचली ती स्प्लेंडर. ९७ सीसीची, साधारण ११२ किलोची गाडी. जिथे मी महागड्या मशीनसकट आडवा झालो, तिथून तो माणूस रोज जातो.

त्याच्याकडे दोन गोष्टी होत्या, वर्षांची सवय आणि हलकी गाडी. सवय विकत मिळत नाही, हलकी गाडी मिळते. आणि हलकी गाडी असली की सवय लवकर लागते, कारण पडायची भीती कमी होते.

मग स्प्लेंडरच घ्यायची का?

घरात असेल तर सरावाला जरूर वापरा, गंमत नाही करत. पण ऑफ-रोड बाईक वेगळी का बनवतात, ते समजून घेऊ.

खडबडीत रस्त्यावर गाडीला तीन गोष्टी कराव्या लागतात. दगडावरून चाक चढवायचं, तो धक्का पचवायचा आणि पोट घासू द्यायचं नाही. चाक चढवण्यासाठी पुढचं चाक मोठं हवं. मोठ्या चाकाला तोच खड्डा लहान वाटतो. सायकलचं चाक आणि स्केटबोर्डचं चाक एकाच गटारीच्या जाळीवरून न्या, फरक कळेल. म्हणून खऱ्या ऑफ-रोड गाडीला पुढे २१ इंचांचं चाक असतं. १९ इंच म्हणजे तडजोड, हायवे जास्त आणि कच्चा रस्ता कमी. १७ इंच म्हणजे रस्त्याची गाडी.

धक्का पचवायला सस्पेन्शन ट्रॅव्हल लागतो, म्हणजे चाक वर-खाली किती जाऊ शकतं ते अंतर. आणि पोट वाचवायला ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे इंजिनाखालची मोकळी जागा. एक्सपल्स २०० फोर व्हीला पुढे १९० मिमी आणि मागे १७० मिमी ट्रॅव्हल आहे, ग्राउंड क्लिअरन्स २२० मिमी. स्प्लेंडरचा क्लिअरन्स साधारण १६५ मिमी. हे साडेपाच सेंटीमीटर म्हणजेच दगड इंजिनाला लागणं आणि न लागणं.

पण इथे एक फुकट काहीच मिळत नाही असा मामला आहे. ट्रॅव्हल वाढला, क्लिअरन्स वाढला की सीट वर जाते. सीट वर गेली की पाय टेकत नाहीत. आणि नवखा माणूस पडतो तो बहुतेक वेळा वेगात नाही, तर जवळजवळ थांबलेला असताना पडतो. माझ्यासारखा.

आधी गाडीची जात ओळखा

शोरूममध्ये 'ऑफ-रोड' हा शब्द फार सैल वापरतात. साधारण तीन जाती आहेत.

पहिली, मोटोक्रॉसची गाडी. हेडलाइट नाही, इंडिकेटर नाही, नंबर प्लेट नाही. ती फक्त बंद ट्रॅकवर चालवायची. रस्त्यावर आणलीत तर ती बेकायदेशीर. आपल्या एमएच ४८ ची पाटी तिला लागणारच नाही. सेकंड हँड ग्रुपमध्ये स्वस्तात दिसते, मोह होतो, पण ट्रॅकपर्यंत न्यायला टेम्पो लागेल हे लक्षात ठेवा.

दुसरी, ड्युअल स्पोर्ट. हलकी, उंच, सडपातळ, स्पोकची चाकं, आणि नंबर प्लेटसकट. आपल्याकडे हिरोने २०११ मध्ये इम्पल्स नावाची १५० सीसीची गाडी आणली होती. ती काळाच्या जरा आधी आली. मग २०१९ मध्ये एक्सपल्स २०० आली आणि सर्वसामान्य पगारदाराला परवडणारी खरी ऑफ-रोड गाडी मिळाली. पुढे २०० फोर व्ही आली, २०२५ मध्ये लिक्विड कूल्ड २१० आली. कावासाकीची केएलएक्स २३० पण याच जातीतली.

तिसरी, ॲडव्हेंचर बाईक. लांब पल्ल्याची, सामान लादायची, हायवे आरामात खायची आणि मध्ये कच्चा रस्ता आला तर तोही पार करायची. २०१६ ची हिमालयन ४११, नंतरची हिमालयन ४५०, केटीएमच्या ॲडव्हेंचर, सुझुकीची व्ही-स्ट्रॉम एसएक्स या सगळ्या इथे येतात. गाड्या उत्तमच आहेत. लडाखला जायचं असेल तर मीही यातलीच निवडेन. पण त्या शिकण्यासाठी बनवलेल्या नाहीत.

आणि चौथा एक प्रकार आहे, नुसतं दिसणं. उंच हँडल, जाळीचा हेडलाइट, पण खाली रस्त्याची चाकं. नावावर जाऊ नका. सेकंड हँडमध्ये 'एक्सपल्स २०० टी' दिसली तर थांबा. टी म्हणजे टूरर. तिची चाकं १८ आणि १७ इंचांची अलॉय आहेत, क्लिअरन्सही कमी आहे. नाव भावाचं असलं तरी काम वेगळं.

वजनाचा तक्ता, तोंडी

आता आकडे. पेट्रोलसकट गाडी किती भरते, त्याला कर्ब वेट म्हणतात, तेच विचारायचं. काही जाहिरातींत ड्राय वेट देतात, म्हणजे पेट्रोल-ऑइल काढून. त्याला भुलू नका, कोणी सुकी गाडी चालवत नाही.

केएलएक्स २३० साधारण १३९ किलो. एक्सपल्स २०० फोर व्ही साधारण १६०. व्ही-स्ट्रॉम एसएक्स १६७. एक्सपल्स २१० साधारण १७०. हिमालयन ४५० साधारण १९६. म्हणजे पहिल्या आणि शेवटच्या गाडीत ५७ किलोंचा फरक. तांदळाची पन्नास किलोची गोण डोक्यात आणा. ती गोण तुम्हाला चिखलात, दमलेले असताना, दिवसात चार वेळा उचलायची आहे की नाही, एवढाच प्रश्न.

नवखा माणूस दिवसात चार वेळा पडतोच, हे मी माझ्यावरून सांगतो. शिकतोय म्हणजे पडणार. पहिल्या दोन वेळा हसू येतं, तिसऱ्या वेळी दम लागतो, चौथ्या वेळी हात थरथरतात, आणि मग पाचव्यांदा पडायला होतं ते दमल्यामुळे. जड गाडी तुमची शिकायची ताकद उचलण्यात संपवते.

उचलायची पद्धतही सांगून ठेवतो. आधी किल स्विचने इंजिन बंद. गाडी उजवीकडे पडली असेल तर उचलण्याआधीच साइड स्टँड बाहेर काढून ठेवा आणि गिअरमध्ये टाका, म्हणजे ती उभी होताना पलीकडे पडणार नाही आणि पुढेही पळणार नाही. गाडीकडे पाठ करा, सीटला टेकून खाली बसा. एका हाताने हँडलचं खालचं टोक, दुसऱ्या हाताने मागची ग्रॅब रेल किंवा फ्रेम. पाठ सरळ, आणि जोर पायांचा. मागे मागे छोटी पावलं टाकत जा. सुरुवातीच्या वीतभरात सगळ्यात जास्त जोर लागतो, अर्ध्यावर आली की सोपी होते. उतारावर पडली असेल तर आधी चाकं उताराच्या खालच्या बाजूला येतील अशी फिरवून घ्या.

शोरूमवाला काही तुम्हाला गाडी आडवी पाडू देणार नाही. पण ती गाडी असलेला एखादा मित्र शोधा. जुन्या गोधडीवर गाडी हळूच आडवी ठेवा आणि एकट्याने उचलून बघा. एकदा नाही, तीनदा. टेस्ट राइडपेक्षा ही टेस्ट मोठी.

सीट: टेप घ्या, भिंतीला टेका

उंचीपेक्षा पायाच्या आतल्या मापाला महत्त्व आहे. अनवाणी भिंतीला टेकून उभे राहा, दोन पायांच्या मध्ये एक जाड वही वरपर्यंत दाबून धरा आणि जमिनीपासून वहीच्या वरच्या कडेपर्यंत मोजा. माझं ७६० मिमी भरतं. एक्सपल्स २०० फोर व्हीची सीट ८२५ मिमी, २१० ची ८३०, व्ही-स्ट्रॉम एसएक्सची ८३५. म्हणजे कागदावर मला एकही गाडी जमायला नको.

पण जमते. कारण दोन. एक, तुम्ही बसलात की सस्पेन्शन थोडं खाली बसतं. दोन, सीट अरुंद असेल तर पाय सरळ खाली जातात, रुंद असेल तर फाकतात. म्हणून नुसता आकडा बघू नका, बसून बघा. दोन्ही पाय पूर्ण टेकायची गरज नाही. सीटवर जरा एका बाजूला सरकून एक पाऊल भक्कम टेकलं की पुरे. ही सवय आधी सपाट जागेवर करा. रॅली किट लावलेली किंवा प्रो प्रकारची एक्सपल्स दिसायला जबरदस्त असते, पण तिची सीट ८९१ मिमीवर जाते. पहिली गाडी म्हणून ती टाळा.

सीसी, ताकद आणि जीएसटी

"दोनशे सीसी कमी नाही का पडणार?" हा प्रश्न प्रत्येकजण विचारतो. हायवेला, हो, कमी पडते. वसई फाट्यावरून ट्रेलरला ओव्हरटेक करताना जाणवतं. पण कच्च्या रस्त्यावर आपण पंधरा-वीसच्या वेगात असतो. तिथे ताकद किती आहे यापेक्षा ती कमी वेगात, हाफ क्लचवर, किती सुतासारखी सरळ मिळते हे महत्त्वाचं. जास्त ताकदीच्या गाडीत मनगट जरा जास्त फिरलं की मागचं चाक सुटतं. शिकताना मनगट जास्त फिरतंच.

मी सॉफ्टवेअरवाला आहे, म्हणून असं सांगतो: नवीन कोड आपण थेट प्रॉडक्शनवर टाकत नाही. आधी अशा ठिकाणी चालवतो, जिथे फुटला तरी नुकसान कमी. पहिली बाईक म्हणजे तेच ठिकाण.

पैशाचंही गणित बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांवर जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आणि ३५० च्या वरच्या गाड्यांवर तो ४० टक्के झाला. म्हणजे साडेचारशेची गाडी घेताना तुम्ही नुसती गाडीच नाही, कराचा वरचा टप्पाही घेताय. त्या फरकातून काय घ्यायचं? हेल्मेट, गुडघ्याचे गार्ड, ग्लोव्हज आणि बूट. गाडीचं बजेट ठरवण्याआधी हे पैसे बाजूला काढा. हेल्मेट आयएसआय शिक्क्याचं, फूल फेस. आणि बूट घोट्याच्या वर येणारे, कडक. माझ्या पायात त्या दिवशी तसे बूट असते, तर मी दुसऱ्या दिवशी ऑफिसला गेलो असतो.

ब्रेक, टायर, पाणी

एबीएस म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा. रस्त्यावर ती जीव वाचवते. पण सैल खडीवर ती ब्रेक सोडत-धरत राहते आणि गाडी थांबायला जास्त अंतर घेते. शिवाय उतारावर मागचं चाक थोडं जाम करून गाडी वळवायची असते, तेही होत नाही. म्हणून गाडीत निदान मागचा एबीएस बंद करता येतो का, हे विचारा. आणि डांबरीवर परत आल्यावर तो चालू झालाय ना, हे दर वेळी बघा.

स्पोकची चाकं दगडावर आपटली तर वाकतात, आणि वाकलेलं रिम पुष्कळदा सरळ करून घेता येतं. अलॉय तडकलं तर बदलावंच लागतं. पण बहुतेक स्पोकच्या चाकांत ट्यूब असते. पंक्चर झालं तर चाक उतरवावं लागतं. वसई-विरारमध्ये कोपऱ्यावर पंक्चरवाला मिळतो, जव्हार-मोखाड्याच्या आतल्या रस्त्यावर नाही. तेव्हा ट्यूब, टायर लिव्हर आणि छोटा पंप सोबत ठेवा, आणि एकदा घराच्या पार्किंगमध्ये चाक काढायचा सराव करा.

पाण्याबद्दल एक मोठा गैरसमज आहे. लोक म्हणतात सायलेन्सर बुडाला की गाडी संपली. खरा धोका एअर फिल्टरच्या तोंडातून पाणी आत जाण्याचा असतो. पाणी सिलिंडरमध्ये गेलं आणि पिस्टन वर आला, तर पाणी काही दाबलं जात नाही, मग कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून गाडी पाण्यात पडली तर स्टार्टर मारू नका. आधी बाहेर काढा, प्लग खोला, पाणी काढा. हे नुसतं ओहोळांसाठी सांगत नाहीये. जुलै २०१८ मध्ये वसई-विरार कसं पाण्यात होतं, ते आठवत असेल. उंच गाडी आहे म्हणून तुंबलेल्या पाण्यात घालायची नाही. खाली उघडं गटार आहे की नाही, हे कुठल्याच गाडीला दिसत नाही.

पाच पार्ट आणि सेकंड हँड

शोरूममध्ये जाताना कागदावर पाच नावं लिहून न्या: क्लच लिव्हर, ब्रेक लिव्हर, गिअर लिव्हर, हँडलबार, पुढचं रिम. पडल्यावर बहुतेक वेळा यातलंच काहीतरी जातं. पार्ट काउंटरवर या पाचांची किंमत विचारा, आणि मिळायला किती दिवस लागतात तेही. ज्या गाडीचा लिव्हर येईपर्यंत तीन आठवडे जातील, ती पावसाळाभर घरीच उभी राहील. सर्व्हिस सेंटर वसई, नालासोपारा, विरारमध्ये आहे की ठाण्याला न्यावं लागेल, हेही बघा.

पहिली गाडी सेकंड हँड घ्यायला काहीच हरकत नाही. उलट ओरखडा पडला की जीव कमी जळतो. मी तेच केलं. बघताना खालून सुरुवात करा. बॅश प्लेट किती चेपलीय, त्यावरून गाडी किती आपटलीय ते कळतं. फोर्कवर तेलाचा ओघळ असेल तर सील गेलंय. पुढचं चाक उचलून हँडल हळूहळू दोन्हीकडे फिरवा, मध्ये अडकल्यासारखं वाटलं तर कोन सेट गेलाय. प्रत्येक स्पोकवर स्क्रू ड्रायव्हरने टिचकी मारा, एखादा 'ठक्' असा मेला आवाज देत असेल तर तो सैल आहे. आपल्याकडे खारी हवा आहे, त्यामुळे अर्नाळा, राजोडी, कळंबच्या बाजूला उभ्या राहिलेल्या गाडीचे स्पोक, चेन आणि नटबोल्ट गंजलेत का ते नीट बघा.

कागद: चॅसी नंबर आरसीशी जुळवा. कर्जावर घेतलेली गाडी असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ शिवाय पुढे जाऊ नका. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३०. आणि विमा चौदा दिवसांत स्वतःच्या नावावर करायला अर्ज द्या. बरेच जण नेमकं हेच विसरतात.

चालवायची कुठे?

हा भाग कडू आहे, पण बोललंच पाहिजे. तुंगारेश्वर हे अभयारण्य आहे. तिथे वन खात्याने ठरवून दिलेला रस्ता सोडून पायवाटेवर गाडी घालणं हा गुन्हा आहे, मग रील कितीही भारी होवो. समुद्रकिनाऱ्यावर गाडी घालू नका. भरतीला गाड्या वाळूत रुततात, फिरायला आलेली मुलं असतात, आणि खारं पाणी गाडीला महिन्याभरात खातं. पावसाळ्यात धबधब्यांवर प्रशासनाचे बंदी आदेश असतात, ते वाचून निघा.

मग उरतं काय? भरपूर. सराव करायला परवानगी घेऊन एखादं मोकळं मैदान. आठचा आकडा, उभं राहून चालवणं, हाफ क्लचवर चालण्याच्या वेगाने जाणं, मागच्या ब्रेकवर उतरणं. महिनाभर एवढंच करा. मग विक्रमगड, जव्हार, मोखाड्याकडचे गावरस्ते, पण एकट्याने नाही, आणि पाड्यात शिरताना पहिल्या गिअरमध्ये. आपल्यासाठी तो ट्रेल असतो, तिथल्या माणसांसाठी तो दवाखान्याचा आणि शाळेचा रस्ता असतो. आवणी चालू असताना बांधावरून गाडी न्यायची नाही. मला उचलणारे हात त्याच शेतातले होते.

त्या मुलाचं काय झालं?

मी त्याला हे सगळं सांगितलं. तो जरा नाराज झाला. म्हणाला, "दादा, पण मला लडाखला जायचंय." मी म्हटलं, जा की. दोन पावसाळे हलक्या गाडीवर काढ, मग मोठी घे. तेव्हा ती तुला घेऊन जाईल. आत्ता घेतलीस तर तूच तिला सांभाळत बसशील, आणि हप्ता पाच वर्षं चालेल.

मग त्याच्या बिल्डिंगमधल्या एका दादाकडे तशीच मोठी गाडी होती, ती त्याने गोधडीवर आडवी ठेवून उचलायचा प्रयत्न केला. पहिल्यांदा उचलली. दुसऱ्यांदा अर्ध्यावर सुटली. तिसऱ्यांदा त्याने त्या दादाला हाक मारली.

रात्री मेसेज आला. इमोजी नव्हता. "दोनशेवाली सेकंड हँड बघायला रविवारी येशील का सोबत?"

येतो म्हटलं. टॉर्च आणि स्क्रू ड्रायव्हर मी आणतो, बुटांचे पैसे तू बाजूला काढून ठेव.

तुमची पहिली गाडी कोणती, आणि ती तुम्ही किती वेळा उचललीत, नक्की कळवा. पुढच्या भागात भेटू. तोपर्यंत हेल्मेटचा पट्टा लावून चालवा.